दाराची फट आणि चासीचा गंज

दार नीट लागत नाही, एवढीच तक्रार होती. गाडी माझदा एमएक्स-5, कापडी टप असलेली उघडी गाडी, दुसऱ्या पिढीची, म्हणजे 1998 ते 2005 या काळात बनलेल्यांपैकी. मालकीणबाई ती रोज चालवायच्या आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. बिजागरी आधी दुसरीकडे सेट करून झाली होती. थोडे दिवस बरं चालायचं, मग एखाद्या खड्ड्यातून गेलं की दार पुन्हा करकरायचं.

मी पाना उचलण्याआधी फट पाहिली. दाराची मागची कड आणि मागचा फेंडर यांच्यात खाली बोट जाईल एवढी जागा होती, वर जेमतेम नख शिरत होतं. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर-खाली हलवलं. बिजागरीत खेळ अजिबात नव्हता. मग जॅक पुढच्या एका बाजूच्या सबफ्रेमखाली, म्हणजे चाकांची जोडणी धरणाऱ्या चौकटीखाली लावला, ते चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचललं आणि पोराला सांगितलं, "फटीकडे बघत राहा." तो म्हणाला, "दादा, फट हलतेय."

गाडीचा एक कोपरा उचलला की बॉडी थोडी पिळवटतेच, पण दाराची फट डोळ्यांना दिसेल इतकी बदलायला नको. छत असलेल्या गाडीत वरचा पत्रा आणि खांब मिळून भार वाटून घेतात. उघड्या गाडीत ती सोय नाही. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतात ते दोन सीटमधून जाणारा पत्र्याचा बोगदा आणि दोन्ही दारांखालची सिल, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पत्र्याची पेटी. या गाडीला वेगळी सुटी चासी नसते. बॉडीच चासी असते. त्यामुळे इथे सिल सडली तर चासी सडली, असंच समजायचं.

लिफ्टचे पॅड सिलच्या कडेला लावायची माझी हिंमत झाली नाही. पुढे क्रॉसमेंबर या आडव्या तुळईखाली आणि मागे डिफरेन्शियलखाली, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीखाली जॅक लावून गाडी उचलली आणि स्टँडवर घेतली. खालून पाहिलं तर सगळं काळंभोर, चकचकीत. ताजं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंजापासून वाचवणारा थर, मारलेलं. गाडी जुनी आणि पोट नवं दिसलं की माझा हात हातोडीकडे जातो. अंडरकोटिंग वाईट नाही, पण गंजावर मारलं की ते ओलावा आत कोंडतं आणि बघणाऱ्याची नजरही अडवतं.

हातोडीच्या मागच्या टोकाने मी पुढून मागे ठोकत गेलो. शाबूत पत्रा टणटण वाजतो. मागच्या चाकाच्या अलीकडे आवाज बसला. चुंबक लावला, चिकटेना. म्हणजे खाली लोखंड नव्हतं, पुट्टी होती. स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. पुट्टी खरवडल्यावर खरा प्रकार कळला. सडलेल्या पत्र्यावर नवी पट्टी ठेवून रिव्हेट मारले होते आणि वरून पुट्टी लिंपली होती. त्या पट्टीवर कसलाही भार येत नव्हता. ती फक्त भोक झाकत होती.

पाणी कुठून आलं, हे शोधल्याशिवाय वेल्डिंगला हात घालायचा नाही, हा माझा नियम आहे. या गाडीच्या कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या पन्हळीत उतरतं. तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली पडतं. निदान पडायला हवं. नळीत पालापाचोळा आणि माती बसली की पाणी तुंबतं आणि सिलच्या पोटात शिरतं. मी पन्हळीत मगभर पाणी ओतलं. डावीकडे धार लगेच खाली आली. उजवीकडे काहीच येईना. थोड्या वेळाने पाणी आलं ते नळीतून नव्हे, स्क्रू ड्रायव्हरने पाडलेल्या भोकातून, तपकिरी होऊन.

तोवर माझा हिशेब साधा होता: उजवी सिल नवी टाकू, डावी साफ करून गंज रोखणारं वॅक्स भरू. पण या पिढीची आणखी एक दुखरी जागा आहे. पुढच्या बंपरमागून सुरू होणारे दोन चौकोनी रेल. धडक बसली तर तिचा मार तेच घेतात आणि पुढची सबफ्रेम त्यांनाच बोल्टने धरलेली असते. पुढच्या टोकाशी या रेलच्या आत मजबुतीसाठी पत्र्याचा आणखी एक थर दिलेला आहे. हेतू चांगला, पण दोन पत्रे चिकटून असले की मधल्या फटीत शिरलेलं पाणी वाळत नाही. रस्त्यावरचं मीठ किंवा समुद्राकडची हवा असेल तर काम आणखी झपाट्याने होतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगून पत्रे एकमेकांपासून लोटतो. बाहेरच्या रंगाला पहिला फोड येतो तेव्हा आतला थर बहुतेक संपलेला असतो.

पुढचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. उजव्या रेलच्या खालच्या कडेला जोड किंचित फुगलेला होता, तळहाताएवढ्या लांबीत. रंग शाबूत होता. रेलच्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली आणि पडद्यावर जुन्या वहीची भिजून फुगलेली पानं असावीत तसे गंजाचे थर दिसले.

मालकीणबाईंना मी गाडीखाली बोलावलं. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. हातोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी मधल्या भागावर ठोकलं, मग सिलवर, मग रेलवर. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सध्यापुरती एखादी पट्टी मारता येईल का? नंतर नीट करून घेईन."

"ताई, सिलवर पट्टी मारलेलीच होती, तिचं काय झालं ते बघितलंत. आणि रेलवर मी मारणार नाही. समोरून धडक बसली तर मध्ये हेच आहे."

त्यांना राग आला. तो माझ्यावर नव्हता. ज्याने अंडरकोटिंग मारून गाडी विकली त्याच्यावर होता, आणि त्यात काही चूक नव्हती. मी एवढंच सांगितलं की ही गाडी इथून चालवत नेऊ नका. न्यायची असेल तर टोइंगवर घालून न्या, मी थांबवणार नाही. पण चावी देऊन "जपून चालवा" म्हणणं मला जमणार नाही. बाहेर जाऊन त्या फोनवर कुणाशी तरी बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "करा. पण प्रत्येक टप्प्याला मला बघायचंय."

अशी गिऱ्हाइकं मला आवडतात.

सिल कापण्याआधीचं काम हेच खरं काम आहे. उघड्या गाडीची सिल एकदम कापली तर मधला भाग बसतो, आणि त्या बसलेल्या अवस्थेतच नवा पत्रा वेल्ड झाला तर ते दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. म्हणून दार काढून बिजागरीच्या आणि लॉकच्या भोकांतच बोल्टने चौकोनी पाइपचा आधार बसवला. चौकटीचे कर्ण शाबूत डाव्या बाजूशी ताडून, गाडी सरळ करून, मग तो आवळला. बॅटरी सोडली, डिकीत असते ती. पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच असते, ठिणग्यांच्या पल्ल्यात. ती रिकामी करून उतरवली. यात कुणी घाई करू नये.

मग ग्राइंडर. सडलेलं कुठे संपतं हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पत्रा पांढरा चमकेपर्यंत आणि जाडी पूर्ण मिळेपर्यंत मागे जात राहावं लागतं. बाहेरचा पत्रा काढला तेव्हा आतली मधली भिंतही खालून खाल्लेली निघाली, ती आधी बनवली. कारखान्यातले स्पॉट वेल्ड जिथे होते तिथेच नव्या पत्र्याला भोकं पाडून ती मिग वेल्डने भरली. लांब जोडांना छोटे छोटे टाके, एक इथे, एक तिथे, म्हणजे पातळ पत्रा तापून वाकडा होत नाही.

रेलचं काम त्याहून किचकट. सबफ्रेम उतरवून, पुढचा सडलेला भाग आतल्या थरासकट कापून, तयार मिळणारा दुरुस्तीचा तुकडा मापावर बसवला. सबफ्रेमच्या बोल्टची जागा जराही सरकली तर चाकांचं अलाइनमेंट कधीच येत नाही, म्हणून ते माप मी पुन्हा पुन्हा घेतलं. शेवटी सगळ्या पोकळ जागांत लांब नळीने वॅक्स मारलं, जोडांतून ते पाझरताना दिसेपर्यंत. बंद पेटीतल्या वेल्डची आतली बाजू रंगवता येत नाही, गंज तिथूनच परत सुरू होतो.

मालकीणबाई सांगितल्याप्रमाणे येत राहिल्या. पन्हळीत पाणी ओतून नळ्या तपासणं त्यांनी स्वतः शिकून घेतलं. डाव्या रेलमध्ये गंज वरवरचा होता, ठोकून आवाज शाबूत. तो कापला नाही, साफ करून वॅक्स भरलं आणि दर वर्षी कॅमेऱ्याने बघायचं ठरवलं.

बिलाबरोबर मी एक कागद देतो, तो त्यांनाही दिला. त्यावर लिहिलं होतं कुठून कुठपर्यंत पत्रा नवा आहे, कुठे जुना ठेवला आहे आणि तो का ठेवला. सोबत वेल्डिंगचे फोटो, अंडरकोटिंग मारण्याआधी काढलेले. गाडी पुढे कुणाच्याही हातात गेली तरी तो कागद तिच्यासोबत जावा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.