ताज्या अननसाचा अपसाइड डाऊन केक, कोकणातल्या हवेत

या केकात फळ तळाशी लावून वर मिश्रण ओततात आणि भाजल्यावर तो उलटतात. त्याची कृती बहुतेक ठिकाणी डबाबंद अननस धरूनच सांगितलेली असते. १९२५ साली हवाईतल्या अननस कंपनीने पाककृतींची स्पर्धा घेतली, तिथून हा केक गाजला, आणि कंपनीला खपवायचे होते ते डबेच. डब्यातल्या चकत्या आधीच शिजलेल्या असतात. सावंतवाडी-दोडामार्गकडचा ताजा अननस तशाच मापाने वापरला की तळाशी पाणी सुटतं आणि केक चिकट, कच्चट लागतो. म्हणून मी पहिला बंदोबस्त पाण्याचा करते.

अननस पिकलेला पण घट्ट हवा. डोळे नीट काढून १ सें.मी. जाडीच्या ७ चकत्या कापायच्या, मधला कडक दांडा बाटलीच्या छोट्या झाकणाने दाबून काढायचा. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं परतून सुती फडक्यावर पसरायच्या. एवढ्याने बराच रस आटतो. कापताना सुटलेला रस टाकू नका, सरबताला चालतो. केकच्या मिश्रणात मात्र घालू नका.

खालच्या थरासाठी ५० ग्रॅम बटर आणि ७५ ग्रॅम चिरलेला गूळ. पावसाळ्यात गूळ ओल धरून पाझरतो, तेव्हा १० ग्रॅम कमी घ्या. २० सें.मी.चं अ‍ॅल्युमिनियमचं अखंड भांडं घ्या, तळ सुटा असलेल्या भांड्यातून पाक गळून ओव्हनमध्ये जळतो. भांडं थेट मंद गॅसवर ठेवून गूळ वितळवा, बुडबुडे आले की बंद. मध्ये एक चकती, भोवती बाकीच्या (मावत नसतील तर अर्ध्या कापून), आणि भोकांत चेरीऐवजी काजू. हंगामात सोललेला ओला काजू मिळाला तर तोच, त्याला तोड नाही.

मिश्रण: ११५ ग्रॅम बटर, १५० ग्रॅम साखर, २ अंडी, १५० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, ६० मि.ली. दूध, व्हॅनिला. बटर मीठवालं असेल तर वेगळं मीठ नको. पुस्तकांत 'बटर खोलीच्या तापमानाला आणा' असं लिहितात, पण ती खोली थंड देशातली. आपल्याकडे ३० अंशांत बटर ओघळतं आणि फेटलं तरी हवा धरत नाही. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांतच घ्या: बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, बोट आरपार जाऊ नये. साखरेबरोबर ४-५ मिनिटं फेटून पांढुरकं झालं की एकेक अंडं, मग मैदा आणि दूध आलटून पालटून. मैदा पडला की फेटणं बंद, नुसतं हलक्या हाताने मिसळायचं. बेकिंग पावडर दमट हवेत लवकर मरते. गरम पाण्यात चमचाभर टाकून पाहा, जोरात फसफसली नाही तर नवी आणा.

मिश्रण दाटसरच हवं, पातळ झालं की फळांच्या फटींतून खाली उतरतं. ओव्हन १७५ अंशांवर १५ मिनिटं तापवून भांडं खालच्या जाळीवर ठेवा, ४० ते ४५ मिनिटं. इथे खालून आच मिळणं महत्त्वाचं. धोंडसाला (काकडीच्या कोकणी केकला) पूर्वी खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत, तशी दोन्हीकडची आच याला लागते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर गूळ गॅसवर चांगला उकळूनच आत घाला, नाहीतर वरून तांबूस आणि तळ फिकट. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. वाऱ्यापावसात वीज गेलीच, तरी दार बंदच ठेवा, आतली धग काही वेळ पुरते.

सुरी कोरडी निघाली की बाहेर काढून ७-८ मिनिटं थांबा, मग कडेने सुरी फिरवून ताटलीवर उलटा. लगेच उलटला तर मोडतो, पार गार होऊ दिला तर गूळ तळाला धरतो. धरलाच तर भांडं अर्धा मिनिट मंद गॅसवर फिरवायचं. एखादी चकती भांड्यातच राहिली तर उचलून जागेवर बसवा, कुणाला कळत नाही.

त्याच दिवशी संपवलेला बरा. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस, कारण बाहेर या हवेत फळाला दुसऱ्या दिवशीच आंबूस वास येतो. खायच्या आधी थोडा गरम करा, गार केकातलं बटर घट्ट होऊन तो कोरडा लागतो.