लालबागची दहा बाय बाराची खोली

मागच्या जानेवारीत पुतणीच्या लग्नासाठी ठाण्याला जाणे झाले. लग्न थाटात पार पडले आणि जेवणात सगळेच गोड होते, याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे नाही. परतीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसला दीड दिवसाचा अवधी होता, आणि मुंबईतल्या लहान धंदेवाल्यांनी सुरुवात कशी केली हे विचारत फिरायचे, असे मी सोलापुरातून निघतानाच ठरवले होते. निवृत्तीनंतर आपणही काहीतरी सुरू करावे असे मी वर्षभर घोकत होतो, आणि हिशेबाची वही दर वेळी भांडवलाच्या ओळीपाशी येऊन मिटत होती.

धोबीतलावला १९०४ पासून चालू असलेल्या कयानी या इराणी हॉटेलात ब्रून मस्का आणि चहा घेतला. इराणातून आलेल्या या मंडळींनी नाक्यावरच्या जागा का धरल्या, याचे मुंबईत नेहमी सांगितले जाणारे कारण असे की कोपऱ्यावरचे दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानत, त्यामुळे ते स्वस्तात मिळे. दोन्ही रस्त्यांवरचे गिऱ्हाईक आत येईल अशी जागा अपशकुनाच्या भीतीने सोडून देणाऱ्यांची मला गंमत वाटली. पुढे माझी स्वतःचीच गंमत होणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

तिथून चालत गिरगावात लोहाणा निवास पाहायला गेलो. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इथल्या गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले, ही कथा मी अनेकदा वाचली होती. वाचताना दर वेळी ८० रुपयेच लक्षात राहिले होते. वर जाऊ देता का, असे विचारण्याचा धीर मला झाला नाही. खालीच मान वर करून उभा राहिलो. ऊन तेवढे गच्चीवर होते, खाली गल्लीत सावली आणि लावलेल्या मोटारी. पापड वाळायचा तो उन्हात, आणि या वस्तीत ऊन भाड्याने घ्यायची वेळ आली असती तर ते ८० रुपये किती दिवस पुरले असते, हा प्रश्न पहिल्यांदाच मनात आला.

दुसऱ्या दिवशी लालबाग. पुतणीच्या सासरच्या एका गृहस्थांनी चाळीचा पत्ता दिला होता. उड्डाणपुलाखालची गर्दी, कर्कश भोंगे आणि मसाल्याच्या दुकानांतून येणारा तिखटाचा ठसका यांनी मी इतका वैतागलो होतो, की दुसऱ्या मजल्यावर पोहोचताच, पाणी पिण्याच्याही आधी, मी त्या बाईंना विचारले, “वहिनी, सुरुवातीला भांडवल किती होतं?”

पोळी लाटता लाटता त्या हसल्या. “भाऊ, भांडवल काय विचारता? जागा विचारा.”

मग त्यांनी लाटण्यानेच खोली दाखवली. दहा बाय बारा. आज त्या इथून डबे देतात, पण ही चूल त्यांच्या सासूबाईंची. सासूबाई साताऱ्याकडून आल्या तेव्हा गिरणीत कामाला असलेले गाववाले गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि जेवायला खानावळीत जात. या खोलीत बावीस मेंबर जेवत. पहिल्या पाळीचे वेगळे, दुसऱ्या पाळीचे वेगळे, रात्रपाळीवाले सकाळी येत. एका वेळी सहा पाने मांडता येत. तेवढा वेळ घरातली पोरे गॅलरीत बसून अभ्यास करत, आणि आजारी सासऱ्यांची खाट दिवसातून तीनदा उचलून बाहेर न्यावी लागे. हे सांगताना बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या खाटेपुढचे काही नीट ऐकूच येईना.

किराणा उधारीवर येई, मेंबरांचे पैसे पगार झाल्यावर मिळत, खाड्यांवरून वाद होत, आणि मधले दिवस सावकाराच्या व्याजावर काढायचे. तारण ठेवण्याजोगे काही नसल्यामुळे बँक या बायकांना दारात उभी करत नसे. १९७५ मध्ये कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सासूबाईही पुढे मंडळात गेल्या. “कर्जातून मोठी पातेली आली. पातेली ठेवायला जागा कुठली? माळा केला, आणि आम्ही माळ्यावर झोपायला लागलो.”

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले तरी सासूबाईंनी जमेल तितके महिने मेंबरांना उधारीवर जेवू घातले. बरेचजण गावी गेले, ते परतलेच नाहीत. उधारीची ती वही अजून आहे का, असे मी विचारले. “वाळवीनं खाल्ली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पोळी उलटली.

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडले नाही. उसळ, पोळी, भात, वर ताक. पैसे घ्यायला साफ नकार. इतक्या अरुंद जागेत इतक्या मोकळेपणाने मला क्वचितच कोणी वाढले आहे. मला अवघडल्यासारखे झाले, कारण ताटावर बसल्या बसल्या मला तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवत होती. आमच्या गल्लीतली एक विधवा बाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला संध्याकाळचे दोन तास आमचा ओटा मागायला आली होती. ओटा घाण होईल, लोक उभे राहतील, असे सांगून मी तिला परत पाठवले होते. आणि त्यानंतर वर्षभर मी भांडवलाची ओळ खोडत बसलो होतो.

परतीच्या प्रवासात रात्रभर झोप लागली नाही. वरच्या बर्थवरचे गृहस्थ घोरत होते, हेही एक कारण होतेच. सकाळी घरी पोहोचल्यावर पिशवी खाली न ठेवताच ओटा पावलांनी मोजला. लालबागच्या खोलीपेक्षा दोन पावले लांब भरला. त्यावर माझी चार वर्षे बंद असलेली स्कूटर उभी होती. ती बाई आता एस.टी. स्टँडच्या बाहेर उन्हात बसते, असे पत्नीने सांगितले.