दहा बाय बारा

आमची खोली दहा बाय बाराची. म्हणून माझे भरतकामाचे नमुनेही दहा बाय बाराचे, फक्त फुटांच्या जागी इंच. सुरुवातीला हे सोयीसाठीच केलं होतं, कारण खाटेशेजारच्या पाटावर याहून मोठं कापड पसरत नाही. पण आता तुकडा हातात घेतला की त्यात मोरी कुठे, खिडकी कुठे, दार कुठे हे मला दिसायला लागतं. काय कुठे मांडायचं ते ठरवायला त्याचा फार उपयोग होतो. गेल्या जूनपासून असे बावीस तुकडे झाले. पुढे त्यांतून भिंतभर एक गोधडी करायची आहे. पण आज लिहायचंय ते या तुकड्यांबद्दल.

भरतकामाच्या वर्गात नमुना म्हणजे टाक्यांची पट्टी. वर धावदोरा, खाली साखळी, खाली गहू टाका, खाली काजटाका. तेही हवंच, त्याने हात बसतो. शहरावर काम करायला घेतलं तेव्हा मात्र तेवढं पुरेना. हे कापड, हा दोरा आणि रस्त्यावर पाहिलेली ही एक गोष्ट, यांचं एकमेकांशी जमतं का, एवढंच मला पाहायचं होतं. आता प्रत्येक तुकड्यामागे चिठ्ठी टाचते: कापड कुठलं, सुई किती नंबरची, किती दिवस भिजवलं, पाहिलेली जागा कुठली, काय बिघडलं. शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त भरतो आणि पुढचा तुकडा बहुतेक वेळा त्यातूनच निघतो.

पहिल्या तीन तुकड्यांच्या चिठ्ठ्या मात्र कोऱ्या आहेत. लालबागला राहायचं आणि गिरणीची चिमणी करायची नाही असं कसं, म्हणून पहिल्यावर चिमणी केली. विटकरी खादीचा उभा पट्टा, कडेने काजटाका, मागे राखाडी आभाळ. दुसऱ्यावर लोकल. तिसऱ्यावर काचेचे टॉवर आणि त्यांच्या पायाशी मंगलोरी कौलं. काम नीटनेटकं होतं. शेजारच्या काकूंनी चिमणीचा तुकडा उशीच्या अभ्र्यासाठी मागितला आणि मी लगेच देऊन टाकला. देताना जीव जरासुद्धा अडकला नाही, त्याचं मला रात्री वाईट वाटलं. माझ्या वडिलांची अठरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, गेली. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. ज्या कापडाने आमचं घर चाललं आणि ज्याच्यामुळे ते थांबलं, त्याच्याबद्दल मी जे केलं ते परक्या माणसाने लांबून काढलेल्या फोटोसारखं होतं.

वाट सापडली ती जुलैत, नाक्यावर. केबलसाठी चर खणला होता. तो बुजवून वर डांबर घातलं, आणि आठवड्याने त्याच चराला आडवा दुसरा चर पडला. जुन्या डांबराचा करडा, नव्याचा काळा, कडेला पेव्हर ब्लॉकची उखडलेली लाल रांग. भाजी घेऊन येत होते. पुढे चालणारा एक गृहस्थ सोबत्याला म्हणाला, "नुसती ठिगळं लावून ठेवलीत." माझे पाय तिथेच थांबले. ठिगळ हा तर सुईदोऱ्यातला शब्द. आपण वस्तीला दाट वीण म्हणतो, संसार उसवला म्हणतो, दोन बाजूंचा सांधा जुळवतो. रस्त्याला आणि कापडाला माझ्या भाषेने आधीच एका घरात ठेवलं होतं.

त्या दिवसापासून एक नियम केला. वस्तू काढायची नाही. दोन वस्तू जिथे एकमेकींना धरतात, ती जागा तेवढी पाहायची. भिंतीने पाइप कसा धरलाय, पत्र्याला पत्रा कसा लागलाय, चाळीच्या लाकडी खांबाला नंतर घातलेली लोखंडी पट्टी कशी बसलीय. रविवारी सकाळी सातला करी रोड स्टेशनपासून निघायचं आणि चिवडा गल्लीपर्यंत यायचं. फोन पिशवीत. फोटो काढला की मी पाहायचं थांबवते, हा माझा अनुभव. त्याऐवजी मलमलीचे तुकडे आणि तेलखडू जवळ ठेवते. गटाराच्या झाकणावर, जिन्याच्या लोखंडी पायरीवर मलमल ताणून धरायची आणि खडू आडवा फिरवायचा. झाकणावरची चौकटी, झिजलेली अक्षरं, सगळं कापडावर उतरतं. एकटीने धरलं तर मलमल सरकते. आमच्या चाळीतली दोन मुलं आता चारी टोकं पायाने दाबून धरायला येतात. घरी आल्यावर दोन कागदांमध्ये ठेवून इस्त्री फिरवली की खडूतलं जास्तीचं तेल कागदात जातं आणि रेषा कापडात बसते.

समोरच्या इमारतीला परांची बांधली होती. बांबूला बांबू काथ्याने आवळलेला, आधी तिरके वेढे, मग उलट्या बाजूचे, आणि टोक वेढ्यांच्या आत खोचलेलं. बांधणाऱ्या एका कामगाराने मला ते खाली येऊन दाखवलं. पक्की गाठ मारली तर उतरवताना दोरी कापावी लागते, खोचलेली असली की दोरी पुन्हा वापरता येते, असं त्याचं म्हणणं. मी काथ्या घरी आणून थेट मांजरपाटावर शिवायला बसले. काथ्या इतका दणकट की कापड गोळा होऊन चुण्या पडल्या. खाली दुसरा थर लावला, तरी पडल्या. शेवटी गोणपाटातून सोडवलेला दोरा वेढ्यांसारखा वर मांडला आणि बारीक सुती टाक्यांनी जागोजागी पकडला. त्याचं टोक मागे नेऊन गाठ न मारता आत खोचून ठेवलंय. हा सातवा तुकडा. माझं स्वतःचं म्हणावं असं काम तिथून सुरू झालं.

सगळ्यांत जास्त दिवस घेतले ते गंजाने. आमच्या सज्जाच्या कठड्याचे गज बदलले तेव्हा मिस्त्रीकडून तीन जुने गज मागून घेतले. मांजरपाटाला खळ असते. ती सोड्याच्या पाण्यात उकळून आधी काढावीच लागते, नाहीतर रंग नुसता वर तरंगतो. मग निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर यात कापड बुडवायचं, गजाला घट्ट गुंडाळायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं. मुंबईच्या जुलैत कापड वाळण्याची भीतीच नाही. दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी विटेसारखा तपकिरी. जिथे गजावरचे पोपडे टेकले होते तिथे काळपट ठिपके आणि घडीच्या आत कोरी पांढरी वाट. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं की आम्ल मरतं.

एक तुकडा मी लोभापायी नऊ दिवस ठेवला. रंग अप्रतिम आला. पण सुई घातली आणि जिथे सगळ्यांत गडद होतं तिथेच कापड विरलं. आम्ल आणि लोखंड, दोन्ही सुताला खातात. टाकून द्यायला निघाले होते, मग आमच्या कठड्याकडे नजर गेली. तोही गडद झाला होता तिथेच गेला होता. तो तुकडा आता पातळ मलमलीवर बारीक टाक्यांनी धरून ठेवलाय, भोकांसकट.

पुढे हिरडा आणला. दादरच्या काष्ठौषधीच्या दुकानात पूड मिळते. तिच्या काढ्यात बुडवून वाळवलं की कापड फिकट पिवळं होतं. तेच कापड गजाला गुंडाळलं तर नारिंगी येतच नाही, थेट राखाडी आणि काळं येतं, कारण हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं. कापडावर ठसे छापणारे छिपे आणि कलमकारी करणारे पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने काळा काढतात. लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून त्यांचं काळं पाणी बनतं. मीही बरणीत खिळे, गूळ आणि पाणी घालून अडीच आठवडे मोरीत ठेवलं. घरच्यांनी वास सहन केला, त्यांचे आभार. त्या पाण्याचा पहिला फटकारा हिरड्याच्या कापडावर ओढला आणि ओल्या डांबराचा काळा समोर आला. बाजारातल्या कुठल्याच लडीत मला तो मिळाला नव्हता. नाक्यावरच्या चराचा तुकडा मग याच कापडात झाला. तीन काळे, एकावर एक, तिन्हींची शिवण वेगळ्या दिशेची.

हिरव्या जाळीवरही एक तुकडा आहे, इमारतींना लावतात त्या. त्यात मला मोनिका कोरिया यांच्या कामाची मदत झाली. मुंबईत बसून विणणाऱ्या या बाईंनी मागावर विणता विणता धागे रांगेत धरणारी फणी काढून टाकायची युक्ती केली, आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सरळ रांग सोडून वळायला लागले. मी जाळीच्या खाली ठेवलेल्या कापडातले काही आडवे धागे काढून घेतले, तर उभे तसेच सैल होऊन वाकले.

आणि ताडपत्री. चाळीच्या छपरावर पावसाळाभर असलेली, उन्हाने कडक झालेली निळी ताडपत्री मला मिळाली. भिंग लावून पाहिली तर ती विणलेली! प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या उभ्या-आडव्या, अगदी साधी वीण, आणि दोन्ही बाजूंनी पातळ पापुद्रा. उन्हाने पापुद्रा सुटला तिथे वीण उघडी पडली होती. बाबांनी अठरा वर्षं विणलं आणि गळत्या छपरावर आम्ही पांघरलं तेही विणलेलंच, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

तिला शिवणं मात्र कठीण. टाके जवळजवळ घातले तर टपालाच्या तिकिटासारखी सरळ फाटत जाते. सोळा नंबरची सुई आणि लांब टीप ठेवली तेव्हा थोडी निभली. सुती कापडात टाका उसवला तर एक-दोन धुण्यांत भोक मिटतं, इथे ते तसंच राहतं. चार तुकडे असे चाळण झाले. मग शिवायचंच सोडलं आणि छपरावर कशी बांधतात ते पाहिलं. कडेच्या रिंगांतून सुतळी, सुतळीला जाड दोर, दोर खांबाला. ताडपत्रीला कुणी कुठेच शिवत नाही. मीही तिच्या रिंगा ठेवल्या आणि सुतळीने गोधडीच्या कापडाला बांधायला लागले. पण बारीक दोरा जाड सुतळीला बांधला की माझी गाठ निसटायची.

एकविसाव्या तुकड्याशी माझी अशी झटापट चालली होती तेव्हा आई शेजारी निवडण घेऊन बसली होती. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गिरणीतून स्वस्तात मिळणाऱ्या तुकड्यांच्या तिने कितीतरी गोधड्या शिवल्या, पण माझ्या कामात सहसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "बाबांची गाठ मार ना गं." मी विचारलं, "कुठली?" तिने ताट बाजूला ठेवलं आणि सुतळी हातात घेतली. जाड दोरीचा वाक करायचा, बारीक दोरा त्यातून वर काढायचा, वाकाच्या मागून फिरवून स्वतःच्याच खाली दाबायचा. साच्यावर तार, म्हणजे ताण्याचा धागा, तुटली की बाबा हीच गाठ मारायचे. बारीक, चपटी, फणीतून अडखळल्याशिवाय जाणारी. जाडबारीक दोऱ्या जोडायलाही तीच लागते, म्हणून छपरावरची ताडपत्रीही ते तिनेच बांधायचे. "तुझ्या वेणीची रिबिनसुद्धा," आई म्हणाली. "सुटायची नाही, मग शाळेतून आलीस की मलाच सोडवावी लागायची."

मला रिबिन आठवते. गाठ आठवत नाही.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आईने ती गाठ मला चार वेळा करून दाखवली, प्रत्येक वेळी न बोलता, आणि मग पुन्हा निवडायला बसली. बाविसाव्या तुकड्यात ताडपत्री आणि आईच्या जुन्या नऊवारीचा काठ यांच्यामध्ये शिवण नाही, नुसत्या या गाठी आहेत, एका ओळीत. कालपासून दुपारी सरावच करतेय. आज चाळीस बांधल्या आणि ओढून पाहिल्या. एकतीस टिकल्या.