नोटीस

शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत 'सूचना फलक' असं लिहिलेलं असलं, तरी आपण सगळे त्याला नोटीस बोर्डच म्हणायचो. आमचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं. जुन्या नाशकातली आम्ही मुलं, बहुतेकांच्या घरी त्या भाषेचं वारंही नव्हतं. पण इंग्रजीचे सर असे भेटले, की धड्यात शब्द आला की आधी त्याचं घराणं काढायचे, मग अर्थ.

'नोटीस' क्रियापद म्हणून धड्यात आलं तेव्हा त्यांनी फळ्यावर एक रांग लिहिली: लॅटिन 'नोटिशिया' म्हणजे ओळख, माहिती, तिच्यामागे लॅटिन 'नोस्केरे', जाणून घेणं, त्याचंच भावंड इंग्रजी 'नो' (know), आणि संस्कृत 'ज्ञा', म्हणजे आपलं जाणणं. 'नो'च्या आरंभी जो मुका 'के' आपण निमूट घोकायचो, तो या धातूतल्या जुन्या 'ग'चा वंशज आहे, हे कळल्यावर त्या स्पेलिंगवरचा माझा राग गेला.

या क्रियापदाचा अर्थही सरकत आलाय. आधी कळवणं, मग बोलताना उल्लेख करणं. 'लक्षात येणं' हा आजचा अर्थ अठराव्या शतकातला. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनला तर हे क्रियापदच सोसवलं नव्हतं. २६ डिसेंबर १७८९ला, वयाच्या ८३व्या वर्षी, त्याने कोशकार नोआ वेब्स्टरला लिहिलं, की मी फ्रान्समध्ये असताना इथे नामांची क्रियापदं होऊ लागली आहेत, तुम्ही वजन वापरून ती बंद पाडा. त्याच्या यादीत 'नोटीस' होतं, 'प्रोग्रेस' होतं आणि 'अॅडव्होकेट'ही होतं. (माझ्या दारावरची पाटी त्याने पाहिली नाही हे बरं. अर्थात ती नामाची आहे.) गंमत म्हणजे क्रियापद तोवर चांगलं जुनं झालेलं होतं, नवं फक्त फ्रँकलिनला वाटलं. वेब्स्टरने १८२८च्या कोशात ते घेतलंच. 'मी नोटीस केलं' म्हणणाऱ्या नातवंडांवर डाफरणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनी हे वाचावं.

सरांची ती रांग मला खरी उपयोगी पडली कायदा शिकताना. लोकांच्या लेखी नोटीस म्हणजे कागद: वकिलाने धाडलेला, नाहीतर पेपरात छापलेला. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, याचं कलम ३ शब्दाचा जुना अर्थ धरून बसलंय. गोष्ट तुम्हाला प्रत्यक्ष माहीत असेल तर तुम्हाला तिची नोटीस आहे. इतकंच नाही, करायला हवी ती चौकशी मुद्दाम टाळली नसती किंवा घोर हयगय केली नसती, तर ती कळली असती, असं असेल तरीही नोटीस आहे. जमिनीचा प्रत्यक्ष ताबा दुसऱ्याकडे असेल, तर त्याच्या हक्काची नोटीस खरेदीदाराला होती असंच कायदा मानतो.

मखमलाबादकडे जमीन घेतलेले पक्षकार येतात आणि म्हणतात, "साहेब, मला तर कोणाची नोटीस आलीच नाही!" मी विचारतो, "जमीन बघायला गेलात तेव्हा द्राक्षबाग कोण छाटत होतं?"

"होता एक जण. पण म्हटलं, आपण कशाला विचारा!"

मी कलम ३ उघडून त्यांच्यापुढे ठेवतो.