बरोबरच्या खुणा

"हा गोळ्या चुकवतो मॅडम. सगळं ध्यान कबड्डीत," वडिलांनी बसता बसताच तक्रार केली. खरं सांगायचं तर फाइल पाहून माझ्याही मनात तेच आलं होतं.

नववीतला मुलगा, वजन ३८ किलो. नवव्या वर्षी हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला धरणारा विषाणू, निघाला आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं) महिनोन्महिने वाढलेलं, म्हणून गावाकडे लॅमिव्हुडिन हे विषाणूविरोधी औषध सुरू झालं होतं. वर्षभरात विषाणू तपासणीत दिसेनासा झाला. पुढे कुणी तपासलंच नाही. तपासणी महाग, आणि पोरगं धडधाकट. आता व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ३ कोटींवर, एसजीपीटी १८६.

"किती चुकतात रे?" माझा आवाज चढलाच होता. तो खाली मान घालून बसला. आईने पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं काढली. दुधाचा हिशोब, गॅस आल्याची तारीख, आणि प्रत्येक चौकोनात निळ्या पेनाची बरोबरची खूण. "समोर उभी राहून देते मी. एक दिस बी चुकला न्हाई."

मी पानं उलटत राहिले. तीन वर्षांची होती. मग त्याला म्हटलं, "माझं चुकलं." वडिलांनी दुसरीकडे बघितलं.

हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सारख्या चुका करतो. त्यातली एखादी अशी निघते की औषधाला शिरायला जागाच उरत नाही. लॅमिव्हुडिन घेणाऱ्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकात पहिल्याच वर्षात असा विषाणू वर येतो, पुढे प्रमाण वाढतच जातं. औषध नियमाने घेऊनही. तरी लहान मुलांना देता येईल असं तोंडी औषध बरीच वर्षं तेवढंच होतं आणि ती सवय अजून गेलेली नाही. मला त्याचा राग येतो.

तीन आठवड्यांनी विषाणूच्या जनुकांचा रिपोर्ट आला: त्याच्या प्रथिनात २०४ क्रमांकाच्या जागी मेथिओनिन या घटकाऐवजी व्हॅलिन. म्हणजे तीच चूक. लॅमिव्हुडिनला न जुमानणारा विषाणू एन्टेकॅव्हिर या दुसऱ्या औषधालाही अर्धा सरावलेला असतो, म्हणून ते नको. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, रोज एक. वाढत्या वयात मूत्रपिंड आणि हाडांवर लक्ष ठेवायचं, म्हणून क्रिएटिनिन, फॉस्फरस वेळच्या वेळी. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोळी मोफत मिळते, हे ऐकून वडिलांचा चेहरा जरा सैल झाला.

घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. धाकटी बहीण आणि वडील निगेटिव्ह, दोघांना लस. आई पॉझिटिव्ह.

"म्हंजे माझ्याकडूनच?" तिने विचारलं. जन्मावेळी लागण झाली की दहातल्या नऊ बाळांत ती मुरते. जन्मल्यापासून २४ तासांत लस दिली तर बहुतेक वेळा टळते. याचा जन्म घरी, लस नाही. मी हो म्हटलं, आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, हेही म्हटलं. ती पदराशी चाळा करत राहिली. जाताना मुलाने हळूच विचारलं, "मग माझं ताट वेगळं कशाला ठेवतात?" पाच वर्षं तो वेगळ्या ताटात जेवत होता. जेवणातून, एका ताटातून हा आजार पसरत नाही, हे मी वडिलांकडे बघत तीनदा सांगितलं.

सहा महिन्यांनी लोड ४ हजारांवर आला. एसजीपीटी ३८, फॉस्फरस ठीक. कॅलेंडर आता तो स्वतःच भरतो.

"आणि ताट?"

"ताट एक झालं. तांब्या अजून वेगळाच आहे."