तुम्ही विचारलंत म्हणून: लॅव्हेंडरला ऑगस्टमध्येच कात्री का?

“अगं, अजून फुलं आहेत की! मधमाश्या बसल्यात त्यावर. आत्ताच का भादरतेस?”

दर ऑगस्टला मंडळाची गणपतीची मीटिंग माझ्याकडे असते आणि दर ऑगस्टला दारातून आत येता येता कुणीतरी हे म्हणतंच. गेल्या वर्षी तर एका ताईंनी ‘निर्दय’ हा शब्द वापरला, वर हसल्या. मी ‘चहा ठेवते’ म्हणून विषय बदलला. यंदा लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी नुसता चहा होईल.

आधी सोपं उत्तर. लॅव्हेंडरची फुलं अर्धीअधिक करडी पडली की छाटायचं. देठ तर काढायचेच, शिवाय यंदाच्या पाल्याचेही दोनेक बोटं शेंडे घ्यायचे. खाली हिरवं राखायचं. ऑगस्टमध्ये कापलं की नवी फूट थंडीच्या आत जून होते, झुडूप गोल राहतं. मधमाश्यांसाठी टोकाची दोन झुडपं मी शेवटी कापते, हे कुणाच्या नजरेस पडत नाही ते सोडा. इथली, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सची माती तुम्हाला सांगायला नको: थंडीत बुटाला किलोभर चिकटते, जुलैत फरशी होते. म्हणून मी दक्षिणेच्या भिंतीलगत वीतभर उंच गादीवाफा केला, त्यात पाट्याच्या पाट्या खडी मिसळली, शेणखताचा कणही घातला नाही. आमच्या घरात खताशिवाय रोप लावणं म्हणजे मिठाशिवाय आमटी, पण या झाडाला हलाखीच मानवते. थंडीचं विचाराल तर माझ्याकडच्या जातीला, ‘हिडकोट’ला, उणे दहाचं काही वाटत नाही. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सायबेरियाकडून ती थंडी आली तेव्हाही माझं एक रोप गेलं नाही. या झाडाला मारतं ते थंडीत मुळाशी साचलेलं पाणी. सुपरमार्केटमधून तुम्ही आणता ती सशाच्या कानांसारखी फुलं असलेली जात वेगळी, ती नाजूक. ती मेली तर माझ्याकडे तक्रार आणू नका.

पुण्याची बहीण बी पाठव म्हणते. बियांपासून ‘हिडकोट’ जसाच्या तसा येत नाही, आणि तिथला जून-जुलै त्याला झेपायचा नाही. सह्याद्रीच्या उतारांवर लॅव्हेंडरची आपली रानटी भावंडं पावसाळा सरता सरता फुलतात, ती बघायला जा म्हटलं तर तिला वेळ नसतो.

आता खरं उत्तर.

२०१३ साली मी नऊ रोपं लावली आणि सहा वर्षं त्यांना कात्री लावली नाही. का? तुम्ही म्हणता तेच. फुलं असताना कापवत नव्हतं, आणि फुलं गेल्यावर आठवण राहत नव्हती. २०१९ पर्यंत झुडपं मधून फाकली होती, बुडाशी नुसती करडी लाकडं, पाला काय तो शेंड्याला.

त्या एप्रिलात आबा आले. तासगावकडची आमची द्राक्षबाग त्यांनी आधीच्या वर्षी काढून टाकली होती, पाण्यापायी. इथे येऊन तीन आठवडे ते खिडकीशी बसून होते. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी त्याच्याकडेच बघायचे. एप्रिल म्हणजे आमच्याकडे खरड छाटणीचा महिना. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, एकेक डोळा (कोंब फुटायची जागा) राखून अख्खी बाग उघडी करायची आणि ती पंधरवड्यात फुटते, हे त्यांनी चाळीस वर्षं केलेलं.

एका सकाळी ते वाफ्याशी उकिडवे बसले होते. पाला चुरगाळून नाकाशी धरला, एक फांदी वाकवून बघितली. म्हणाले, “मोकाट सोडलंईस गं हिला. खरडून काढू, नव्यानं फुटंल.” मग बुंध्यावरून अंगठा फिरवत विचारलं, “हिला डोळं कुठं असत्यात?”

मी म्हटलं, “असतील की खाली.”

बघितलं नाही. वाकलेसुद्धा नाही. रोपांसोबत आलेल्या कागदावर ‘जुन्या लाकडात कापू नये’ असं स्वच्छ छापलेलं होतं, तो मी वाचलाही होता. द्राक्षाच्या जुन्या सालीखाली डोळे झोपलेले असतात. लॅव्हेंडरच्या जुन्या लाकडात बहुतेक नसतातच. पण तीन आठवड्यांनी माणूस खिडकीपासून उठला होता. मी आतून कात्री आणून दिली.

दुपारपर्यंत नऊच्या नऊ झुडपं वीतभर खुंटांवर आली. आबांनी सगळा कचरा एका बाजूला रचला, हात धुतले आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मग रोज सकाळी बादलीने पाणी. छाटणीनंतर पाणी द्यायचंच असतं, द्राक्षाला. त्यालाही मी काही बोलले नाही.

दोन आठवडे गेले, चार गेले. ते झोपले की मी जाऊन नखाने साल खरवडून बघायचे. आधी आत हिरवट ओल दिसायची. मग पिवळट. मे संपता संपता नखाखाली कोरडी तपकिरी भुकटी यायला लागली. एकच झुडूप फुटलं, टोकाचं, ज्याच्या एका फांदीवर चुकून पाला राहिला होता. आबा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. विमानतळावर म्हणाले, “सावकाश फुटतीय, थंड मुलूख हाय.”

त्यानंतर दर फोनवर, “फुटली का गं?” आणि मी, “फुटतायत आबा.”

आठ खुंट उपटले तेव्हा दोनांची मुळं काळी, बुळबुळीत निघाली. म्हणजे ती कात्रीने मेली की बादलीने, की सहा वर्षांच्या माझ्या आळसाने आधीच मरायला टेकली होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पलीकडची म्हातारी शेजारीण म्हणते, तिने एकदा जुनं झुडूप खाली कापलं होतं आणि ते फुटलं. बुडाशी बारीक करडे कोंब होते, त्यांच्या वर कापलं. म्हणजे बघायला हवं होतं. आबांनी तेच तर विचारलं होतं.

खरं का सांगितलं नाहीस, असं नवरा विचारतो. बाग काढून आलेल्या माणसाला काय सांगू, की तुम्ही इथेही आठ झाडं काढलीत? त्याचं म्हणणं, आबांनी हजारो वेली बघितल्यात, आठ झुडपांनी ते मोडले नसते, हे तू स्वतःला वाचवायला केलंस. असेलही. रोज मला वेगळं वाटतं.

त्याच जुलैत तीच जात आणून आठ रोपं त्याच जागी लावली. पुढच्या जूनमध्ये फुलं आल्यावर फोटो पाठवला. संध्याकाळी आबांचा फोन आला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बुडखं बारीक दिसत्यात गं.”

मी काही बोलायच्या आत म्हणाले, “इकडं पाऊस लागलाय.”

‘फुटली का’ हा प्रश्न त्यानंतर आलेला नाही.

तर मंडळी, यंदाची मीटिंग रविवारी आहे. फुलं बघायची असतील त्यांनी अकराच्या आत या, दुपारी मी कात्री घेणार. वाळवायला देठ हवे असतील तर पिशवी घरून आणा.