तुम्ही विचारलंत म्हणून: देवांचा लिलाव कशाला?

‘सायक्लेडीज’ हा बोर्डगेम टेबलावर मांडला की पाहणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. मोठी माणसं जरा नाराजीने विचारतात, “अगं, देवांचा लिलाव कसला करता?” तरुण मुलं तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारतात: देव फक्त चित्रापुरते आहेत ना, झ्यूसच्या जागी एखाद्या कंपनीचं नाव घातलं तर काय बिघडेल? दोघांना माझं उत्तर एकच आहे. या खेळातून लिलाव काढलात, तर देवही निघून जातील.

आधी खेळ थोडक्यात. ब्रूनो कॅथाला आणि लुडोविक मोब्लां या दोघांनी तो रचला आणि 2009 साली फ्रान्सच्या ‘मातागो’ने काढला. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रातली बेटं, प्रत्येकाकडे थोडे सैनिक, थोडी जहाजं, आणि पडद्याआड लपवलेली नाणी. फेरी संपताना ज्याच्याकडे दोन महानगरं असतील तो जिंकला. यात गंमत अशी की स्वतःच्या मर्जीने तुम्हाला जवळजवळ काहीच करता येत नाही. जहाज हलवायचं तर समुद्रदेव पोसायडन हवा, सैन्य हलवायचं तर युद्धदेव एरिस. पुजारी झ्यूसकडे, तत्त्वज्ञ अथीनाकडे. एका फेरीत एका माणसाला एकच देव, आणि तो बोली लावून मिळतो.

बोली कशी चालते ते जवळून सांगते, कारण सगळं तिथेच आहे. मी पोसायडनवर तीन नाणी लावली. समोरच्याने चार लावली. आता मला तिथे लगेच पाच म्हणता येत नाही. उठायचं आणि दुसऱ्या देवाकडे जायचं. मी अथीनाकडे जाते, तिथे दोन लावून बसलेल्याला तीन लावून उठवते. तो चिडून एरिसकडे जातो, तिथल्याला उठवतो, आणि तो उठलेला माणूस नेमका पोसायडनवर पाच लावतो. दोन मिनिटांपूर्वी माझ्या हातून गेलेला देव माझ्या प्रतिस्पर्ध्याच्याही हातून गेला. आता कुणी मला अथीनावरून हलवलं तर पोसायडनचा दरवाजा मला पुन्हा उघडा आहे. त्यामुळे अनुभवी खेळाडू कधी कधी नको असलेल्या देवावर मुद्दाम स्वस्तात जाऊन बसतो, कुणीतरी आपल्याला उठवावं म्हणून. शिवाय देव दर फेरीला पिसून मांडतात आणि ज्याचा देव वर, त्याची चाल आधी. म्हणजे एका बोलीत तुम्ही काय करणार आणि कधी करणार, दोन्ही ठरतं.

आता मोठ्यांच्या नाराजीकडे. इथे विकला जातो तो देव नव्हे. त्या फेरीपुरती त्याची कृपा मागायला तुम्ही किती ठेवायला तयार आहात, हे बोलीतून ठरतं. फेरी संपली की सगळे देव पुन्हा मोकळे. गोव्यात देवळातल्या पावणीत, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात, फळा-नारळांवर चढत्या बोली लागतात, तिथे कुणाला देवाचा अपमान झाला असं वाटत नाही. प्राचीन ग्रीकांचा देवांशी व्यवहार तर उघडउघड देण्याघेण्याचा होता. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सने आर्टेमिस देवीला नवस बोलला होता, जितके इराणी मारू तितक्या शेळ्या देऊ. झेनोफन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की मेलेले इतके निघाले की तेवढ्या शेळ्याच मिळेनात, मग दरवर्षी 500 द्यायच्या ठरल्या. नवसाचे हप्ते पाडणाऱ्या या लोकांवर लिलावाचा खेळ बेतला, तर तो त्यांच्याशी प्रामाणिकच राहिला असं मला मनापासून वाटतं.

याच न्यायाने झ्यूसचे पुजारी मला फार आवडतात. जवळ असलेला प्रत्येक पुजारी प्रत्येक बोलीतून एक नाणं कमी करतो. निदान एक मात्र द्यावंच लागतं. नवखे खेळाडू एरिससाठी भांडतात आणि झ्यूसकडे पाहतही नाहीत. पाचव्या-सहाव्या फेरीला मग तीन पुजारीवाला माणूस सहाची बोली तीन नाण्यांत भागवतो आणि त्यांना कळत नाही हे झालं कसं.

राक्षस आणि अद्भुत प्राणीही नुसते शोभेचे नाहीत. मेड्यूसा ज्या बेटावर उभी राहते तिथलं सैन्य जागचं हलू शकत नाही; तिच्याकडे पाहणारा दगड होतो ही कथा ज्याला ठाऊक आहे त्याला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. पॉलिफेमस बेटाभोवतीची जहाजं लांब ढकलतो, आणि ग्रीक कथेतल्या ओडिसियसच्या जहाजावर खडक फेकणारा आंधळा झालेला तो एकाक्ष राक्षस डोळ्यांसमोर येतो. पंखांचा घोडा पेगॅसस सैन्याला थेट कुठल्याही बेटावर उडवून नेतो. शेवटच्या फेऱ्यांत मांडलेल्या प्राण्यांत पेगॅसस दिसला की टेबलावरची बोलाचाल थांबते, सगळे आपापल्या महानगरावरचे सैनिक मोजू लागतात.

तुलनेसाठी 2003 चा ‘एज ऑफ मायथॉलॉजी’चा बोर्डगेम घ्या. त्यातही ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्स देव आहेत, मूर्ती देखण्या आहेत, शहर वसवण्याची मजा तर इथल्यापेक्षा जास्तच आहे. पण देवकृपा तिथे धान्य, लाकूड आणि सोन्याच्या पंक्तीतला चौथा ठोकळा होऊन बसते. बाजारात एकाच्या बदल्यात दुसरा मिळतो. मुलांचा आक्षेप त्या खेळाला लागू पडतो, मी तो खोडणार नाही.

सायक्लेडीजमध्ये मात्र अपोलो आहे. त्याच्यासाठी बोली लागत नाही. ज्याला कुठेच परवडलं नाही तो त्याच्याकडे जातो, आणि एक नाणं घेऊन परततो. पण एकच बेट उरलेल्याला अपोलो चार नाणी देतो. हे वाचून मला डेलॉस आठवलं. सायक्लेडीज ही बेटं याच इवल्याशा डेलॉसभोवती पसरली आहेत. होमरच्या नावाने चालत आलेल्या अपोलोच्या स्तोत्रात त्याची गरोदर आई लेटो आसरा मागत फिरते, सगळ्या भूमी घाबरून नाही म्हणतात. खडकाळ, नापीक डेलॉस तयार होतं, पण आधी तिच्याकडून शपथ घेतं की तुझा मुलगा पहिलं देऊळ माझ्याकडेच बांधेल. मग तिथे अपोलो जन्मतो. म्हणजे सगळ्यात गरीब बेटाने देवाशी केलेला सौदा. पुढे इ.स.पू. 478 मध्ये अथेन्सने इराणविरुद्ध शहरांचा संघ उभारला, तेव्हा त्याचा खजिनाही डेलॉसवरच ठेवला. 454 मध्ये तो अथेन्सला हलवला. गरिबाला नाणी देणारा अपोलो हा नियम सुचला तेव्हा रचणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं, मला त्याने फरक पडत नाही. नियम त्या कथेत चपखल बसतो.

अथीनाचे चार तत्त्वज्ञ जमले की लगेच एक महानगर उभं राहतं, एकही विटेचा खर्च न करता. बंदर, किल्ला, देऊळ, विद्यापीठ अशा चार इमारतींनीही ते होतं, पण त्यासाठी चारही देवांचे उंबरे झिजवावे लागतात. लढाईला फासे आहेत, तेही साधे, 0 ते 3 चे.

आणि कुणाचं शेवटचं बेट हिसकावता येत नाही, त्या चढाईने तुम्ही खेळ जिंकत असाल तरच मुभा. त्यामुळे दीड-दोन तास कुणीही बाहेर पडून बघत बसत नाही. तुम्ही पहिल्यांदा खेळणार असाल तर चौघं-पाच जण जमवा. दोघांत लिलावाला रंगच चढत नाही. आणि पहिल्या दोन फेऱ्या एरिस दुसऱ्यांना घेऊ द्या.